घर भरलेलं दिसलं पाहिजे

माझ्या मामाचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास. एक स्वतःच्या हातानं कानस मारून बनवलेली किल्ली, आणि दुसरी मामी. बाकी सगळे एकतर चोर, नाहीतर चोराला पत्ता सांगणारे. पेपर टाकणारा दाराशी जरा रेंगाळला की मामा आतून दाराच्या भोकाला डोळा लावून उभा. लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला की मामा त्याच्याबरोबर वर-खाली फिरणार. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तर हिची साखर नेमकी आजच कशी संपली, याचा विचार तो संध्याकाळपर्यंत करणार.

त्याला वेडा म्हणून सोडून देता येत नाही, ही खरी अडचण. मामा कुलुपवाला. बाजारातल्या गल्लीत, शिंप्याचं दुकान आणि चहाची टपरी यांच्यामध्ये त्याचं एका खिडकीएवढं दुकान आहे. चोरी झाली की लोक आधी पोलिसांना बोलावतात आणि मग मामाला. उचकटलेली दारं, उपडे केलेले कप्पे, जमिनीवर बसून राहिलेल्या बायका, हे सगळं त्यानं उभ्या आयुष्यात इतकं पाहिलंय की दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो तसा तो पाणीसुद्धा फुंकून पितो. नवीन कुलूप बसवून झालं की गिऱ्हाइकाला तो न विचारता सल्ला देतो. "कुलूप काय, कुणीही उघडतो. घर भरलेलं दिसलं पाहिजे. बाहेर जाताना दिवा चालू ठेवा. रेडिओ लावून जा. दाराशी एक मोठा बूट ठेवा." त्याच्या स्वतःच्या दाराशी असा एक बुटांचा जोड वर्षानुवर्षं पडलेला आहे. मामाचा पाय लहान. बूट कुणाचे आहेत ते तो मलाही सांगत नाही.

मी त्याची भाची. नोकरी दुसऱ्या गावात, पण दोघांचीही गाऱ्हाणी फोनवर मलाच ऐकायला लागतात. मूलबाळ नसलेल्या माणसांना भाची म्हणजे हक्काचं कोर्ट. त्यामुळे ते यंत्र घरात आलं त्याच दिवशी मला दोन फोन आले.

यंत्र आलं ते मामीच्या हौसेनं. किराणा मालाच्या मोठ्या दुकानाच्या दाराशी आहार संशोधन केंद्राची एक बाई टेबल मांडून बसली होती. घराघरांत लोक काय विकत आणतात, त्यावरून त्यांच्या पोटात काय जातं आणि काय जात नाही, याचा ती अभ्यास करत होती. मामी जन्माची चौकस. तिनं लगेच नाव नोंदवलं. टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र मिळालं. खाण्याची वस्तू घरात आली की कपाटात जाण्याआधी तिच्या पाकिटावरच्या काळ्या पट्ट्या यंत्रापुढे धरायच्या. ते "टुंक" करतं. भाजी-फळं सुटी असतील तर सोबत चित्रांचा एक तक्ता होता, त्यातल्या चित्रावर टुंक करून वजन घालायचं. मग केंद्रातले लोक हिशेब करणार, की या दोन माणसांच्या घरात प्रथिनं किती आली, साखर किती, तेल किती, आणि दर काही महिन्यांनी एक कागद घेऊन घरी येणार.

"आणि एखाद्या घरातलं खाणं एकदम कमी झालं, तर आम्ही लगेच येऊन विचारतो, काय झालं म्हणून," असं केंद्रातल्या बाईनं सांगितलं होतं. मामीनं ते मला कौतुकानं सांगितलं. पाठोपाठ मामाचा फोन.

"विचारतो म्हणे! कोण विचारतो? ज्याला घर रिकामं आहे का ते बघायचंय, तो विचारतो."

"मामा, तो अभ्यास आहे रे."

"चोरही अभ्यासच करतो. हे बघ, या घरात चार दिवस दूध नाही, पाव नाही. म्हणजे काय? माणसं गावाला गेली. ही माहिती ज्याच्या हाती लागेल त्याला पाळतसुद्धा ठेवायला नको. घरबसल्या कळलं."

"अरे पण तुझ्या घरात चोरायला आहे काय? गंजलेली कुलपं?"

"ते त्याला आत आल्यावर कळणार ना? तोवर माझं दार गेलंच की."

मामानं त्या यंत्राचं नाव चोंबडी ठेवलं. येता-जाता तो ते पालथं घालायचा, मामी सुलटं करायची. आठवडाभर हे चाललं आणि मग मामा एकदम गप्प झाला. मामी म्हणाली, "सवय झाली असेल." मामा गप्प झाला म्हणजे त्याला सवय झाली, असं संसारात इतकी वर्षं काढूनही तिला वाटावं, याचं मला आजही नवल वाटतं.

मामानं उपाय शोधला होता. जो सल्ला गिऱ्हाइकांना, तोच स्वतःला. घर भरलेलं दिसलं पाहिजे. चहाच्या टपरीवरची दुधाची रिकामी पाकिटं, शिंप्यानं दुपारी खाल्लेल्या दह्याच्या डब्याचं वेष्टन, समोरच्या कारकुनाच्या चीजचा कागद, हे सगळं तो अवजारांच्या पिशवीत टाकून घरी आणायचा आणि मामी आंघोळीला गेली की चोंबडीपुढे धरायचा. टुंक, टुंक, टुंक. कधी तक्त्यावरच्या सफरचंदावर टुंक करायचा आणि मनाला येईल ते वजन घालायचा. ज्या आठवड्यात मामीची खरेदी कमी झालेली दिसेल, त्या आठवड्यात तो दुप्पट पाकिटं आणायचा. दुसऱ्याच्या उष्ट्यावर त्यानं स्वतःच्या घरात अशी रेलचेल करून ठेवली.

आणि मामीची खरेदी खरंच कमी होत चालली होती. कारण याच काळात तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला होता. आधी सफरचंदाची फोड अडकली. मग पावाची कड. मग भात. ती पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची, छातीत दुखलं की स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहायची आणि बाहेर येऊन हसायची. तिची थोरली बहीण याच दुखण्यानं गेली होती. म्हणून तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. मामालाही नाही, मलाही नाही. मामा दुपारचं दुकानातच खायचा. रात्री तो ताटावर बसला की ती दुधाचा कप घेऊन समोर बसायची आणि म्हणायची, "मी आधीच खाल्लंय." जगातल्या एकूण एक माणसावर संशय घेणाऱ्या माझ्या मामाला हे वाक्य एकदाही खोटं वाटलं नाही. मला त्याचा राग येतो तो इथे.

रजा घेऊन मी गेले त्याच दिवशी केंद्रातली बाई कागद घेऊन यायची होती. मामीनं दार उघडलं आणि मी दचकले. तिच्या मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे घसरत होतं.

"मामी, काय गं ही दशा?"

"जिने चढते ना रोज. तुमच्यासारखी लिफ्टमध्ये नाही बसत," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत पळाली.

मी मागोमाग जाणार, तेवढ्यात केंद्रातली बाई आली. हसतमुख, घाईत असलेली, हातात रंगीत कागद. मामा तिच्या समोरच्याच खुर्चीत, तिच्या पिशवीवर नजर ठेवून बसला. बाईनं कागद टेबलावर पसरला. त्यावर रंगीत खांब होते, दर महिन्याचा एक, आणि सगळे कसे एका उंचीचे.

"काकू, तुमचं घर म्हणजे अगदी नमुना आहे हो! दही, चीज, फळं, सगळं वेळच्या वेळी. खाणं कुठे एवढंसंही कमी झालेलं नाही. आमच्या ऑफिसात तुमचाच कागद दाखवतात सगळ्यांना."

मामी कागदाकडे बघत राहिली. इतका वेळ, की बाईचं हसू ओसरलं.

"कुठेच कमी नाही?" मामीनं विचारलं.

"नाही ना. उलट थोडं वाढलंय."

"हे चीज कोण खातं?"

"आता ते तुम्हालाच माहीत, काकू!"

मामीनं मान वळवून मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघत होता. "यंत्र बिघडलं असेल," तो म्हणाला. "मी आधीपासून सांगतोय."

बाई चहा पिऊन गेली. मामी कप न उचलताच तडक मामाच्या अवजारांच्या पिशवीकडे गेली आणि तिनं ती जमिनीवर उलटी केली. कानस, किल्ल्यांचे जुडगे, पक्कड, आणि त्यांच्यावर दह्याची, दुधाची, चीजची चपटी केलेली पाकिटं भुरभुरत पडली.

"कुणाकडे जेवता तुम्ही?" मामी म्हणाली.

"काय?"

"चीज कुणाच्या घरी खाता? दही कुणाच्या घरी खाता? स्पष्ट सांगा. भाचीसमोर सांगा. इतकी वर्षं जगावर संशय घेतलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं!"

मला हसू आलं, हे कबूल करते. मामाचं वय बघावं, त्याचं ते खिडकीएवढं दुकान बघावं, आणि त्यानं दुसरं घर मांडल्याचा आरोप बघावा. मामा तर इतका गोंधळला की खरं बोलून गेला. चोंबडी, चोर, रिकामं घर, चालू दिवा, दाराशी बूट, सगळं एका दमात. "घर भरलेलं दिसावं म्हणून गं! तू आजकाल पाव आणत नाहीस, फळं आणत नाहीस. त्यांना वाटेल इथे कुणी राहतच नाही. म्हणून मी आपली भर घालत होतो."

मला वाटलं, आता मामी त्याला फाडून खाणार. ती हळूच खाली बसली, पाकिटांच्या मधोमध.

"म्हणजे म्हणून कोणी आलं नाही," ती म्हणाली.

"कोण आलं नाही?"

"मी वाट बघत होते. ती म्हणाली होती ना, खाणं कमी झालं तर येऊन विचारू. मला तोंडानं सांगवेना. एकदा बोललं की ते खरं होतं. म्हटलं, मी काय आणत नाही ते यंत्राला रोज कळतंय, ते तरी कुणाला पाठवतील. मग आज ती आली आणि म्हणाली, कुठेच कमी नाही." तिनं घशावर हात ठेवला. "मला वाटलं, मलाच वेड लागलंय. मी जेवते आणि विसरते."

"काय कमी झालंय?" मामानं विचारलं. तो अजून पाकिटांतच अडकला होता. "अगं, काय कमी झालंय?"

"घास उतरत नाही हो मला," मामी म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात. एरवी डॉक्टर म्हणजे मामाच्या लेखी पांढऱ्या कोटातला दरोडेखोर. मागे मामीचा गुडघा दुखत होता, तेव्हा त्यानं डॉक्टरची अशी उलटतपासणी घेतली की त्यानंच हात जोडले आणि मामी गुडघा चोळत परत आली. यावेळी मामा तोंड उघडत नव्हता. डॉक्टर मामीला विचारत होते. केव्हापासून? आधी काय उतरेना झालं? मग किती दिवसांनी पाव? पातळ पदार्थ कधीपासून अडकायला लागले? मामीचं एकच उत्तर, "झाले असतील थोडे दिवस."

डॉक्टरांनी मामीला तपासण्यांसाठी आत पाठवलं आणि आमच्याकडे वळले. "या बाई लपवताहेत. अन्ननलिकेत काहीतरी असावं. ते किती झपाट्यानं वाढलंय ते कळलं, तर आधी काय करायचं ते ठरवता येईल. घरातल्या माणसांनी तरी सांगा."

घरातल्या माणसानं माझ्याकडे बघितलं. त्याला सांगता येण्यासारखं काहीही नव्हतं. मग तो म्हणाला, "चोंबडीला माहीत आहे."

केंद्राचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे, आणि रांगेनं संगणक. मामा कधी कुणाच्या संगणकाजवळ जात नसे. त्या दिवशी त्यानं स्वतः खुर्ची ओढून घेतली. बाईला त्यानं सगळं सांगितलं. ती आधी गोंधळली, मग चिडली. तिच्या अभ्यासाची त्यानं माती केली होती, आणि मी तिच्या जागी असते तर त्याला बाहेर काढलं असतं. पण मामीच्या घशाचं ऐकल्यावर ती पडद्यावर आमच्या घराची खरेदी उघडून बसली. सगळे खांब एका उंचीचे, तसेच.

"एकेक बघू, काका. खरं असेल ते ठेवू, खोटं असेल ते काढू. आठवेल?"

"सगळं आठवतं," मामा म्हणाला. खोट्याला वेगळी आठवण ठेवावी लागते, ती त्यानं ठेवली होती.

"दही?"

"खोटं. शिंप्याचं."

"चीज?"

"खोटं. कारकुनाचं."

"सफरचंदं?"

"पहिली खरी. तिला आवडतात. नंतरची सगळी खोटी."

बाई काढत गेली. खांब बसत गेले. मामा पुढे वाकून बसला होता आणि त्याचा आवाज प्रत्येक वस्तूबरोबर उतरत होता. मोठा पाव, खोटा. दुधाची ही पाकिटं, टपरीवरची. केळी, ही खरी, मध्ये तिनं केळी आणायला सुरुवात केली होती. आणि ही? ही मी घातलेली. मामी गेले कित्येक महिने काय करत होती ते एकेक पायरी समोर येत होतं. कडक गेलं, मग कोरडं गेलं, मग मऊ गेलं. शेवटच्या महिन्याशी आलो तेव्हा पडद्यावर अगदी थोड्या ओळी उरल्या होत्या.

"हे खारे शेंगदाणे?" बाईनं विचारलं.

"खरे."

"टोस्ट?"

"खरे."

"अंडी?"

"खरी. मला सकाळी लागतात. टोस्टही मलाच. शेंगदाणेही."

"दूध आहे एक. बरं, मग काकूंचं काय?"

मामा पडद्याकडे बघत राहिला. तिथे त्याच्या शेंगदाण्यांची पाकिटं ओळीनं होती, एकही आठवडा चुकलेला नव्हता. स्वतःच्या घशाखाली घास उतरत नसताना मामी ती जिने चढून वर आणत होती आणि नेमानं टुंक करून त्याच्या डब्यात भरत होती.

"दूध सोडलं तर उरलं ते सगळं माझंच आहे," मामा म्हणाला. माझा मामा त्या लांबट खोलीत, अनोळखी माणसांसमोर, हुंदके देऊन रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि दोन धपाटे घालावेत असंही वाटलं. मी हात ठेवला.

बाईनं खरा कागद काढून दिला आणि आम्ही तो डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला. "लवकर यायला हवं होतं," ते म्हणाले, "पण हाताबाहेर गेलेलं नाही." शस्त्रक्रिया झाली. मग औषधं झाली, त्यात मामीचे केस गेले आणि आवाज घोगरा झाला. मी रजा वाढवत राहिले. मामानं दुकान अर्धा दिवस केलं. नर्सवर संशय घेणं त्यानं सोडलं नाही. सलाइनच्या बाटल्या तो उजेडात धरून बघायचा आणि नर्स त्याच्याकडे असं बघायची की मला मध्ये पडावं लागे.

मामी घरी आली. चोंबडी अजून तिथेच आहे. केंद्रातल्या बाईनं परत मागितली तर मामानं दिली नाही. "आता काय चोरीला जायचं राहिलंय?" असं त्यानं तिला विचारलं म्हणे. मात्र आता घरात आलेली प्रत्येक वस्तू तो स्वतः टुंक करतो, आणि खरी तेवढीच. दाराशी पडलेले ते मोठे बूटही त्यानं कुणाला तरी देऊन टाकले.

परवा मी जाऊन आले. संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मामीनं आमची ताटं वाढली, स्वतः दुधाचा कप घेतला आणि खुर्चीत टेकली. मामानं पहिला घास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुझं ताट?"

"जेवा तुम्ही," मामी म्हणाली. "मी आधीच खाल्लंय."

"खोटं," मामा म्हणाला. त्यानं स्वतःच्या ताटातला मऊ भात चमच्यानं आणखी मऊ केला, ताट तिच्यापुढे सरकवलं, आणि तिनं घास गिळेपर्यंत तिच्या घशावरची नजर काढली नाही.